अंगठा आणि घास

कोर्टात दुभाषी म्हणून उभं राहिलं की पहिली सूचना ठरलेली असते, "मॅडम, फक्त हो की नाही एवढंच विचारा." बहिऱ्या माणसाला विचारायचा सगळ्यात वाईट प्रश्न तोच. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी ते कुणाला फारसं पटत नाही. या दाव्यात ते सगळ्यांच्या देखत सिद्ध झालं, आणि तरीही एका खुणेपाशी येऊन सगळं थांबलं. ती खूण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी लातूरकडच्या एका मूकबधिर निवासी शाळेत विशेष शिक्षिका आहे. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब घेताना न्यायालयानं दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि जबाबाचं चित्रीकरण करायचं, अशी तरतूद २०१३ साली जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ११९ मध्ये आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तीच कलम १२५ मध्ये आहे. त्यामुळे आमच्या शाळेला आसपासच्या जिल्ह्यांतून पत्रं येतात आणि मला जावं लागतं.

हा दावा परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा. पन्नाशीची बाई, जन्मापासून बहिरी, नवऱ्यानं टाकलेली, कित्येक वर्षं भावाच्या घरी राहणारी. वडील वारल्यावर थोरल्या बहिणीनं वाटपाचा दावा लावला, तेव्हा कळलं की या धाकटीचा अंगठा हक्कसोडपत्रावर आधीच लागलेला आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं दिला. पण आमच्याकडं तो हक्क कागदावर येतो आणि हक्कसोडपत्रावरून भावाकडं निघून जातो. माहेर तुटू नये म्हणून शिकलेल्या बहिणीही सही करून मोकळ्या होतात. तिथं हिची काय कथा! कोर्टापुढचा प्रश्न एवढाच होता, की तिनं अंगठा समजून दिला का.

"तुम्हाला सगळ्या खुणा येतात ना?" बेंच क्लार्कनं मला विचारलं. हा गैरसमज कचेऱ्यांमध्ये सगळीकडं आहे. भारतीय सांकेतिक भाषा ही व्याकरण असलेली पुरी भाषा आहे. दिल्लीला २०१५ साली तिच्यासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, २०२१ पर्यंत तिच्या शब्दकोशात दहा हजार शब्द झाले. पण ही बाई शाळेचं तोंड न पाहिलेली. दुसरं बहिरं माणूस तिला आयुष्यात भेटलेलं नाही. तिच्या हातात आहेत त्या घरच्या खुणा, त्या एका वाड्यात घडलेल्या, चार-पाच माणसांना कळणाऱ्या. आणि ती चार-पाच माणसं म्हणजेच या दाव्यातले वादी आणि प्रतिवादी. तिची भाषा ज्यांना पूर्ण येते, त्यांच्यातल्या कुणावरच कोर्टाला विसंबता येत नव्हतं.

म्हणून मी आधी ओळखीसाठी वेळ मागितला. दोन्ही वकिलांसमोर, कॅमेरा चालू ठेवून, म्हणजे शिकवून आणलं असं उद्या कुणी म्हणायला नको. न्यायाधीश साहेबांनी दिला. या कामाचं सगळं यश या ओळखीत असतं आणि नेमका यालाच कुणी वेळ देत नाही.

मी तिला काहीच विचारलं नाही. स्वतःचीच सकाळ हातांनी सांगायला सुरुवात केली. उठले, चूळ भरली, चहा ठेवला, भाकरी थापली. भाकरीशी आल्यावर ती हसली. माझा हात धरून थांबवला आणि पीठ कसं मळायचं, तळहाताच्या कडेनं भाकरी फिरवत कशी मोठी करायची ते सविस्तर दाखवलं. तिथून गाडी सुरू झाली. मिशीला पीळ म्हणजे भाऊ. नाकाच्या डाव्या बाजूला बोट म्हणजे भावजय. हनुवटीवर तीन ठिपके, म्हणजे गोंदण, ती थोरली बहीण. डोक्याभोवती हात फिरवून फेटा बांधला आणि मग पंजा आभाळाकडं नेला, ते वडील. महिने आणि सालं तिच्याकडं नाहीत, तिचा काळ पिकांवर चालतो. तीन बोटांनी बोंड वेचून ओटीत टाकायचं म्हणजे वेचणीचे दिवस, विळ्याचा झटका म्हणजे ज्वारीची काढणी. "अंगठा कधी दिला?" यावर तिनं कापूस वेचला. दस्तावरची तारीख नोव्हेंबरची होती. साहेबांनी पान उलटून ती ताडून पाहिली आणि प्रथमच पेन खाली ठेवून नीट बघायला लागले.

तरी प्रतिवादीचे वकील अडून बसले. दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकासमोर हिनं मान हलवून कबुली दिली आहे, त्याला साक्षीदार आहेत, असं त्यांचं म्हणणं. मी साहेबांची परवानगी घेतली आणि बेंच क्लार्कना म्हटलं, तिच्याकडं बघून मोठ्यानं विचारा, आज अमावस्या आहे का. त्यांनी विचारलं. तिनं मान डोलावली. आता विचारा, आज पौर्णिमा आहे का. तिनं पुन्हा मान डोलावली, हसरा चेहरा ठेवून. वकील म्हणाले, हे रेकॉर्डवर नको. साहेबांनी घेतलं.

त्या मान डोलावण्यात होकार नसतो. जन्मभर समोरच्याचे ओठ हलताना बघायचे, चेहऱ्यावर प्रश्न दिसला की मान हलवायची, म्हणजे माणूस सोडून देतो. मान हलवली नाही तर तो आणखी जवळ येतो, आणखी ओरडतो. आमच्या शाळेत नवीन दाखल झालेली मुलं अगदी हेच करतात. "कळलं नाही" ही खूण त्यांच्या हातात बसवणं हे आमचं पहिलं काम असतं आणि ते बाराखडीपेक्षा अवघड आहे, कारण "कळलं नाही" म्हणायला आधी धीर लागतो. खेड्यातल्या बहिऱ्या बाईला तो धीर द्यायला कोण बसलंय? दस्त नोंदवताना समोरची व्यक्ती बहिरी आहे हे दिसत असूनही मानेवर काम भागवलं जातं, याची मला मनस्वी चीड आहे.

मग मुख्य प्रश्न. मी दोन्ही पंजे उघडून फिरवले. त्या दिवशी काय झालं? बाकी काही सुचवलं नाही.

तिनं सांगितलं ते जसंच्या तसं देते. गाडीचं स्टिअरिंग फिरवलं. मिशीला पीळ दिला. बोटं एकत्र करून गर्दी दाखवली. चेहऱ्यासमोर हात धरून फोटो काढल्याचं दाखवलं, निबंधकाच्या कचेरीत तो काढतातच. डावा अंगठा हवेत दाबला. मग उजव्या हाताची पाची बोटं जुळवली आणि तोंडाकडं नेली, दोनदा. हात मांडीवर ठेवले. झालं तिचं सांगून.

वादीचे वकील उठले. रेशन, साहेब! रेशन दुकानातल्या मशीनवर दर महिन्याला ती अंगठा लावते आणि धान्य मिळतं. अंगठा म्हणजे धान्य, एवढंच तिला ठाऊक. हा कागद तिला कळलेलाच नाही. प्रतिवादीचे वकील त्यांच्या आधी वाक्य संपवायच्या बेतात. साहेब, भाऊ आपल्याला जन्मभर खाऊ घालणार, या बदल्यात मी हिस्सा सोडला, असं ती स्वतःच्या हातानं सांगते आहे!

दोन्ही अर्थ त्या खुणेत बसतात. घास भरवण्याची खूण आपल्याकडं कुणालाही कळते आणि नेमकी तीच इथं अर्ध्यावर सोडते. मी विचारलं, घास कोण देतं? तिनं भावाकडं बोट केलं. पण रेशनची पिशवीही घरी भाऊच आणतो. मशीन, वजनकाटा दाखवणं म्हणजे उत्तर हातात ठेवणं झालं असतं, ते मी केलं नाही. बोलणं झालं होतं का, "तू जमीन दे, मी सांभाळतो" असं, हे विचारायचं तर ते सगळं मलाच करून दाखवावं लागलं असतं. जमीन, देणं, पुढं घास. आणि ती माझीच नक्कल उतरवून देईल, ही भीती होती. माझी वाक्यं तिच्या हातांवर चढली असती आणि कोर्टानं ती तिची म्हणून लिहून घेतली असती.

मी साहेबांना सांगितलं, "हात कसे हलले ते मी सांगते, ते शब्दशः लिहा. अर्थ दोन निघतात, दोन्ही लिहा. एक निवडायला माझ्याकडं आधार नाही."

"मग दुभाषी कशाला बोलावलाय?" प्रतिवादीचे वकील.

त्यांनी मग १८८५ चा एक जुना निवाडा काढला. अलाहाबाद उच्च न्यायालयापुढं आलेलं दुलारी नावाच्या बाईच्या खुनाचं प्रकरण. गळा चिरलेला, बोलता येत नव्हतं, लोकांनी नावं घेऊन विचारलं आणि तिनं हातानं खूण केली. न्यायालयानं प्रश्न आणि खूण मिळून ते तिचं निवेदन धरलं. वकिलांना त्यातून हवं होतं ते एवढंच, की खूणही पुरावा असते. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. खूण एकटी उभी राहत नाही, ती प्रश्नाला जोडून उभी राहते. दुलारीला प्रश्न ऐकू येत होता. या बाईपर्यंत निबंधकाच्या कचेरीत कुठलाही प्रश्न पोचलाच नव्हता.

साहेबांनी दोन्ही अर्थ नोंदवले. बाहेर व्हरांड्यात थोरल्या बहिणीनं मला गाठलं. "बाई, तुमाला सगळं कळालंय. मग सांगायला काय झालतं?" पाठोपाठ भावाचा मुलगा, "मॅडम, काय म्हणायली होती आत्या, एवढं तरी सांगा की." दोघंही मनापासून विचारत होते. इतकी वर्षं एका घरात राहून त्या बाईनं काय म्हटलं ते तिच्या माणसांना माझ्याकडून हवं होतं. ती स्वतः पायरीवर बसून मला भाकरीची खूण करत होती, जेवलीस का म्हणून.

लातूरला परतल्यावर मी आमच्या एका माजी विद्यार्थ्याला भेटले. तो जन्मतः बहिरा, आता छापखान्यात नोकरी करतो. खटल्यातलं काहीही न सांगता फक्त त्या खुणा करून दाखवल्या, अंगठा, घास, घास. अशा न शिकलेल्या बहिऱ्या माणसाशी बोलताना माझ्यापेक्षा तो कितीतरी पुढं आहे. बहिरा दुभाषी मध्ये बसवायचा आणि त्याच्या खुणा ऐकू येणाऱ्या दुभाष्यानं कोर्टाला बोलून सांगायच्या, हीच खरी पद्धत. मी आधीच तसं सुचवलं होतं. मानधन खर्चाच्या कुठल्या शीर्षाखाली टाकायचं, यावर ते बारगळलं. अपंगांना न्यायालयापर्यंत पोचता यावं ही जबाबदारी २०१६ च्या कायद्यानं सरकारवर टाकली आहे, पण शीर्ष सापडत नाही.

त्यानं माझे हात पाहिले आणि अर्थ सांगितलाच नाही. स्वतःच्या भुवयांवर बोट ठेवून विचारलं, या कशा होत्या?

सांकेतिक भाषेत अर्धं बोलणं चेहऱ्यावर असतं. भुवया वर गेल्या की वाक्याचा प्रश्न होतो, "असं झालं तर" हेही तिथंच दिसतं. घरच्या खुणांतही चेहरा कामाला येतोच. तिच्या घासाच्या वेळी भुवया उचललेल्या असतील तर ती आम्हाला सांगत नव्हती, विचारत होती, की अंगठा दिला, आता खायला मिळेल ना? मग वकिलांचे दोन्ही अर्थ मागं पडतात. पण साहेबांसमोर आल्यावर तिनं पदर कपाळाच्या खाली ओढून घेतला होता आणि कॅमेरा बाजूच्या खिडकीपाशी लावलेला. भुवया मलाही दिसल्या नाहीत, चित्रीकरणातही येणार नाहीत.

मी कोर्टाला अर्ज दिला आहे. फेरजबाब व्हावा, कॅमेरा समोरून असावा, भाऊ आणि बहीण तिच्या नजरेच्या टप्प्यात नसावेत, चेहरा दिसेल असं बसायला तिला मी खुणेनं सांगावं याची परवानगी मिळावी आणि बहिरा दुभाषी सोबत असावा. छापखान्यातला तो मुलगा मानधनाशिवाय यायला तयार आहे, पण त्याला मानधन मिळालं पाहिजे असं मी अर्जात स्पष्ट लिहिलं आहे. प्रतिवादीनं हरकत घेतली आहे. तारीख दिवाळीनंतरची लागली आहे.