पावणेतीन तोळ्यांचा बिल्ला

पितृपंधरवड्यात सराफाच्या दुकानात माणूस दिसला, तर तो एकतर मोड, म्हणजे जुना दागिना विकायला, घेऊन आलेला असतो नाहीतर वसुलीला. सोनं घ्यायला कोणी फिरकत नाही. साताऱ्यात मोती चौकापासून चार पावलांवर आमचं दुकान, माझी तिसरी पिढी. त्या दिवशी सकाळपासून एक तुटकं पैंजण डाग देऊन सांधलं होतं आणि दोन चहा झाले होते. तेवढंच.

अकराच्या सुमारास एक पोरगा आला. पंचवीस-सव्वीसचा, पाठीला सॅक, हातात हेल्मेट.

"काका, चांदी पॉलिश करता ना? एकदम चकाचक पाहिजे. फोटो काढायचेत."

रुमालाची घडी उलगडून त्यानं जे समोर ठेवलं, ते मी आधी देवाचा टाकच समजलो. गोल, आणि हळदीचं पुट इतकं जाड की कडेनं खपली धरलेली. मग वरची आडवी पट्टी दिसली, फीत ओवायची. भिंग लावलं. घोड्यावर बसलेला उघडा माणूस, टापांखाली गरुडाची ढाल आणि कवटी, बाजूला १९१४ आणि १९१८.

"आमच्यात खंडोबा म्हणून पूजतात," पोरगा जरा ओशाळून म्हणाला. "खापरपणजीनं बसवलाय देव्हाऱ्यात."

उलटून बघितलं. खंडोबाच्या पाठीला पंचम जॉर्ज, तेव्हाचा इंग्रज राजा. म्हणजे हे पहिल्या महायुद्धाचं पदक.

हसू आलं, पण खापरपणजीची चूक म्हणवत नाही. घोडा, वर स्वार, खाली तुडवलेला शत्रू. मल्हारी मार्तंडाच्या घोड्याखाली मणी दैत्य असतो, इथं जर्मनांचा गरुड. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. 'अपशिंगे मिलिटरी' हे नाव उगीच पडलेलं नाही. हा पोरगाही त्याच बाजूचा. अशा गावात घोडेस्वाराचा चांदीचा तुकडा टपालानं आला आणि आणून देणाऱ्याला 'इंग्रजी आहे' यापलीकडचं काही सांगता आलं नाही, तर बाई तो देव्हाऱ्यात नाही ठेवणार तर कुठं ठेवेल?

काट्यावर टाकलं. एकतीस ग्रॅम आणि वर काही पॉइंट. मग कोरड्या मऊ ब्रशनं फक्त कड झाडली. हळद भुकटी होऊन कागदावर पडली आणि खालून इंग्रजी मोठी अक्षरं एकेक करून वर आली: चार आकडी नंबर, सिपॉय, नाव, ११७ मराठाज. अक्षरांचे कोपरे अजून बोटाला लागत होते. शंभर वर्षांत या पदकाला कोणी राख-चिंच लावली नव्हती, नुसती हळद लावली होती, म्हणून.

"पॉलिश करणार नाही," मी म्हणालो.

"का? पैसे देतो ना."

"बफाला लावलं की आधी कड जाते. कडेवरचं नाव गेलं की ही एकतीस ग्रॅम चांदी. नाव आहे तोवर हा तुझा खापरपणजोबा."

ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही, कारण त्याचं लक्ष सॅकमध्ये होतं. त्यानं एक छोटी प्लास्टिकची डबी काढली. आत फोमवर टोपीचा बॅज. बिगुल, त्यात ११७, वर मुकुट. "हे बघा. त्याच पलटणीचा. हा बिल्ला आणि बॅज असा सेट झाला की लाखाच्या वर जातं. मी बघितलंय."

"कितीला घेतलास?"

"साडेतीनशे पाउंड. टपाल, कस्टम धरून पंचेचाळीस हजारांच्या वर." पैसे मित्राकडून उसने. लिलाव इंग्लंडातल्या एका विक्रेत्याचा, ऑनलाइन. बॅज काल हातात पडलेला.

मला या बॅजांचा थोडा नाद आहे. एका निवृत्त सुभेदारांनी लावला. ऐंशीएक नग असतील माझ्याकडे, सगळे हजाराच्या आतले. एकासाठी एकदा चार हजार दिले. का दिले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही. त्यामुळे मी मोठा जाणकार नाही. पण धातू ओळखणं हे माझं पोटाचं काम आहे, आणि हा बॅज हातात घेतल्या घेतल्या जड लागला.

पलटी केला. पत्र्यावर ठसा मारून काढलेल्या बॅजची मागची बाजू पोकळ असते. पुढं जिथं बिगुल फुगलाय तिथं मागं खड्डा. याची पाठ सपाट, म्हणजे ओतीव. भिंगातून बघितलं तर बिगुलाच्या दोऱ्यांच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं, ओतताना हवा अडकली की पडतात तशी. बिगुलाच्या दोऱ्यांमधली जागा ठशाच्या कामात कापून काढतात, कड धारदार असते. इथं ती वितळल्यासारखी गोल. मागच्या कड्यांचा डाग तर परवाचा वाटावा इतका चकचकीत. आणि खाचांमधला तो भारदस्त हिरवा कळंक? कापसाचा बोळा ओला करून फिरवला, बोळा हिरवा झाला. खरा कळंक असा सुटत नाही, त्याला खरवडावं लागतं.

हे सगळं मी त्याला दाखवत होतो आणि तो मान हलवत होता, पण चेहरा सांगत होता की हा म्हातारा काहीतरी नाट लावतोय. मग मुकुटावर भिंग धरलं.

"या मुकुटाच्या कमानी बघ. मधे खाली दबल्यात ना? वाकलेल्या भुवयांसारख्या?"

"हो."

"हा राणीचा मुकुट. एलिझाबेथ गादीवर आल्यानंतरचा, १९५३ पासून पुढचा. पंचम जॉर्जच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी वर घुमटासारख्या गोल. आणि तुझी ११७ नंबरची पलटण १९२२ लाच मोडून पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेली. आपल्याकडं प्रजासत्ताक आलं १९५० ला. आता सांग, ११७ आकड्यावर राणीचा मुकुट बसवला कोणी?"

पोरगा बसला. इतका वेळ उभाच होता.

पाणी दिलं. मग त्याला म्हणालो, लिलावाचं पान उघड, बोल्या कशा चढल्या ते दिसतं का बघू. दिसत होतं. बोली लावणाऱ्यांची नावं अर्धी झाकलेली, पण वेळ आणि रक्कम उघडी. पाच पाउंडांपासून सुरुवात. सहा दिवसांत साठ. शेवटच्या संध्याकाळी यानं एकदम साडेतीनशेची कमाल मर्यादा भरून ठेवली, म्हणजे समोरचा जसा चढेल तशी याची बोली आपोआप वर जाणार. आणि समोरचा चढला. सत्तर, पंच्याऐंशी, एकशे दहा, दर मिनिटाला एक पायरी. तीनशेसाठला तो याच्याही वर गेला, आणि लगेच ती बोली मागं घेतली, कारण दिलं 'चुकून आकडा पडला'. पुढच्या मिनिटाला त्यानंच तीनशे पंचेचाळीस लावले आणि गप्प बसला.

"म्हणजे?" पोरानं विचारलं.

"म्हणजे तुझ्या खिशात किती आहेत ते त्यानं आधी हात घालून मोजलं, मग पाच पाउंड खाली थांबून तुझे सगळे काढून घेतले."

त्या माणसाच्या नावावर टिचकी मारली तर महिन्याभराचा हिशेब आला. किती बोल्या, किती वस्तूंवर, आणि त्यातल्या याच विक्रेत्याच्या वस्तूंवर किती. शंभर टक्के. महिनाभर एकाच दुकानात बोली लावणारा आणि काहीच न घेणारा गिऱ्हाईक.

आम्हा सराफांना यात नवीन काही नाही, फक्त आमच्याकडं उलटं चालतं. तारण सुटलं नाही की सोन्याचा लिलाव होतो. सराफ बोलवले जातात आणि आत जायच्या आधी चहाच्या टपरीवर ठरतं की कुठलं पाकीट कोणाचं. आत सगळे एकमेकांना ओळखत नसल्यासारखे बसतात आणि भाव खाली राहतो. मी दोनदा बसलोय. तिसऱ्यांदा गेलो नाही. त्यात मोठेपणा काही नाही, वाट्याला पाकीटच हलकं आलं होतं. पण तेव्हापासून 'लिलावात इतकी किंमत आली' असं कोणी म्हटलं की मी विचारतो, खोलीत होतं कोण?

लाखाच्या वर जाणाऱ्या सेटची गोष्टही तशीच निघाली. त्यानं पाहिलेले आकडे मागितलेल्या किमतींचे होते, विकल्या गेलेल्या नव्हे. एक विक्रेता वर्षभर तेच पदक नऊशे पाउंडांना लावून बसलाय, दर महिन्याला नव्यानं. ते बघून दुसरा आठशे लावतो आणि स्वतःला स्वस्त म्हणवतो. विकल्या गेलेल्या वस्तूंची गाळणी लावली तर हिंदी शिपायांची सुटी चांदीची पदकं बहुतेक तीस ते साठ पाउंडांत गेलेली. कुणी लढाईत पडलेला असेल, कागदपत्रं सोबत असतील, तर जास्त. शिवाय १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. लिलावाच्या पानावर कशाला सांगतील?

बॅजचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. मी वजनासकट फोटो काढून दिले, मुकुटाचं लिहून दिलं, त्यानं 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून तक्रार टाकली. महिन्याभरानं टपालखर्च सोडून पैसे परत आले. कस्टमचे गेले ते गेलेच. बॅज परत पाठवला. दोनेक महिन्यांनी तोच बॅज, डाव्या दोरीजवळचं तेच भोक, पुन्हा लिलावाला. वर्णनात आता 'कूट-अल-अमाराच्या वेढ्यातला', म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या इराकमधल्या वेढ्यातला, एवढी भर.

त्या दिवशी दुपारी मात्र वेगळंच झालं. दीडच्या सुमारास एक म्हातारा दुकानात शिरला. पांढरी टोपी, ताठ पाठ.

"काय रं, खंडोबा कुठाय?"

फुलं वाहायला देव्हाऱ्यापाशी बसले तर टाकांत एक कमी. घरच्या पोरीनं सांगितलं, दादा साताऱ्याला गेलाय सराफाकडं. पहिली एसटी धरून आले आणि चौकातल्या तीन दुकानांत विचारून इथं पोचले. स्वतः मराठा लाइट इन्फन्ट्रीतून नायक म्हणून निवृत्त. नातवानं खाली मान घालून बॅजची गोष्ट सांगितली. म्हाताऱ्यानं बॅज हातात धरून एकदाच बघितला. "बिगुल वाजवनाऱ्याला आधी इचरायचं व्हतं," एवढंच म्हणाले आणि डबीत टाकला.

पदकाकडं मात्र ते बराच वेळ बघत राहिले. कड कधी वाचलीच नव्हती. नाव वाचून दाखवलं. इंग्रजानं आडनावाची पार वाट लावली होती, पण ऐकताच म्हणाले, "माझा आजा. माझा बाप वरसाचा असताना गेला. बसऱ्याकडं. कवा गेला ते कुणालाच ठावं न्हाई. म्हनून म्हाळ सर्वपित्रीला घालतो."

नंबर होता, पलटण होती. महायुद्धांत पडलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या याद्या शोधता येतात हे मला त्या सुभेदारांनीच शिकवलं होतं. नावाचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी घालून बघितलं, मग नंबरानं सापडलं. वडिलांचं नाव, गाव, जिल्हा सातारा. बसरा मेमोरियल. तिथं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि थडगं नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त जणांची नोंद आहे. पण हिंदी शिपायांची नावं दगडावर कोरलेली नाहीत, पलटणीखाली नुसते आकडे. नावं वहीत. आणि पुढं तारीख: २२ नोव्हेंबर १९१५.

म्हणजे टेसिफोन. बगदादच्या अलीकडं पूना डिव्हिजननं हल्ला चढवला त्या लढाईचा पहिलाच दिवस. तिथून फौज मागं हटली ती कूटला, आणि कूटमध्ये अडकली ती १९१६ च्या एप्रिल अखेरपर्यंत. वेढ्यातली उपासमार या माणसाला बघावी लागली नाही.

म्हाताऱ्याला लढाईत रस नव्हता. "तिथी कंची?"

शेजारच्या आळीतल्या गुरुजींना फोन लावला. त्यांनी पाच मिनिटं मागितली, पंधरा घेतली. शके १८३७, कार्तिक वद्य प्रतिपदा. त्रिपुरी पौर्णिमेचा दुसरा दिवस.

"मंजी पक्षात पडव्याला म्हाळ पायजे व्हता." बोटांवर मोजत, "आज काय हाय?"

"षष्ठी."

"पडवा गेला की." जरा थांबले. "ह्या साली सर्वपित्रीलाच घालू. पुढल्या साली पडव्याला."

तेवढ्यात मी एक गोष्ट बोलून गेलो, जी बोलायची नव्हती. सकाळी काट्यावर पदक टाकल्यापासून ती मनात होती. आमच्या आजोबांच्या वह्या माळ्यावर आहेत. त्यांत मोड घेतल्याच्या नोंदींत मधूनच 'बिल्ला १, चांदी' असं येतं, आणि वजन दरवेळी तेच, पावणेतीन तोळ्यांना थोडं कमी. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर. गुणाकार मी त्या सकाळपर्यंत कधी केला नव्हता. एकतीस ग्रॅम. दुष्काळात, लग्नात, आजारपणात आलेले ते बिल्ले आमच्याच मुशीत वितळले आणि त्यांची जोडवी झाली. कडेवरची नावं कोणी वाचली नाहीत.

म्हातारा रागावला नाही. "प्वाट व्हतं लोकास्नी," म्हणाला. बिल्ला त्यानं रुमालात न बांधता बंडीच्या आतल्या खिशात घातला. नातू हेल्मेट घालून दारात उभा.

"त्या वह्यांत गावाचं नाव लिवलेलं असतंय?"

"असतं. नाव, गाव, वजन."

"आमच्या गावचं कोन कोन हाय, जरा बघता का?"

मी पोराला हेल्मेट काढायला सांगितलं आणि माळ्याला शिडी लावली.