तीन मिनिटांचं कार्टून आणि आत्याची मराठी सही

सही प्रादेशिक भाषेत आहे, तेव्हा सोबत घोषणापत्र जोडावे. असा मेल मला आला तो एका मराठी कार्टूनच्या संदर्भात, मराठी कार्यक्रम विकत घेणाऱ्या कंपनीकडून. सही माझ्या आत्याची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण व्यवहार अजून चालू आहे आणि दुसऱ्या भागाचे पैसे त्यांच्याकडूनच यायचेत. पण राग काही गेलेला नाही. शिवाय घरात कागद कापून कार्टून करणारी पोरं हल्ली बरीच दिसतात, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

कार्टूनचं थोडक्यात सांगतो. हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा. विषय गच्चीवरच्या टाकीची गळती, आणि शेवटपर्यंत टाकीबद्दल कुणी एक अक्षर बोलत नाही. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार बाई आणि दाराशी उभा वॉचमन. सगळी पात्रं घोटीव कागदाची, मागे जाड कार्डपेपर चिकटवलेला. दोन स्टुलांवर काच, काचेवर पात्रं, वर मोबाइल. सेकंदाला १२ फोटो धरले तर ३ मिनिटांचे २,१६० होतात. प्रत्येक फोटोसाठी पात्राचं तोंड बदलायचं, म्हणून 'आ', 'ओ', मिटलेले ओठ असे आकार कापून डबीत ठेवले होते. चेअरमनचं काम त्यात सगळ्यात सोपं झालं. त्याला दाट मिशी दिली आणि तोंड दिलंच नाही. बोलताना फक्त मिशी हलते. लोक सगळ्यात जास्त त्यालाच हसले.

इतकं ओबडधोबड करून लोकांसमोर ठेवायची हिंमत आली ती अमेरिकेतल्या कार्टूनवाल्यांमुळे. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन कोलोरॅडो विद्यापीठात शिकत होते, तेव्हा १९९२ मध्ये त्यांनी रंगीत कागद, गोंद आणि एक जुना ८ मिमीचा कॅमेरा एवढ्यावर ख्रिसमसची एक वाह्यात फिल्म केली. ती पाहून फॉक्स या टीव्ही कंपनीच्या ब्रायन ग्रॅडन नावाच्या अधिकाऱ्याने १९९५ मध्ये, मित्रांना शुभेच्छापत्राऐवजी पाठवायला, तसलीच दुसरी करून घेतली. तिच्या टेपवरून टेपा निघाल्या, इंटरनेटवर गेली, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये 'साउथ पार्क' टीव्हीवर आलं. मालिकेचा पहिला भागही कागद कापूनच केलेला. पुढे काम कॉम्प्युटरवर गेलं, पण तेव्हापासून आजतागायत तो महागडा कॉम्प्युटर कागद कापल्यासारखंच दिसावं म्हणून राबतोय! 'सिम्पसन्स' या कार्टून मालिकेचंही तेच. १९८७ साली ट्रेसी उलमनच्या कार्यक्रमात मधेमधे दाखवायचे छोटे तुकडे, एकूण ४८. ते ज्याने सुचवले त्या मॅट ग्रेनिंगने कच्ची रेखाटनं दिली होती, अ‍ॅनिमेटर ती सुधारून घेतील या समजुतीने. त्यांनी ती होती तशी गिरवली. सुरुवातीचे तुकडे बघाल तर त्यातल्या बार्ट या पोराचा चेहरा दर क्षणाला वेगळा. सेथ मॅकफार्लेनने १९९५ मध्ये कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला एक माणूस आणि त्याचा बोलणारा कुत्रा यांची फिल्म केली, त्यातून १९९९ मध्ये 'फॅमिली गाय' ही मालिका आली.

माझं मत असं की यातलं कुठलंही चित्रांमुळे चाललं नाही. आवाज आणि संवाद नेमके होते, म्हणून चित्रं खपून गेली. लांब जायला नको, पैसेवाल्याला आधी छोटा तुकडा दाखवायचा ही युक्ती आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्येच केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, रोप वाढताना थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेतलं, आणि ते 'अंकुराची वाढ' ओळखीच्यांना दाखवून 'राजा हरिश्चंद्र'साठी कर्ज उभं केलं. वाटाण्याकडून कुणी संमतिपत्र मागितलं नव्हतं.

आमच्याकडे मागितलं. फिल्म कंपनीला आवडली हा टप्पा एका फोनवर उरकला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग 'चेन ऑफ टायटल' नावाचा फॉर्म आला. म्हणजे कथा कुणाची, चित्रं कुणाची, आवाज कुणाचे, संगीत कुणाचं, आणि त्या प्रत्येकाने हक्क तुम्हाला लेखी दिले आहेत का. कायद्याच्या दृष्टीने मागणी बरोबर आहे, हे मी वकील मैत्रिणीकडून समजून घेतलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क तोंडी देता येत नाहीत, लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. किती काळासाठी ते लिहिलं नाही तर ५ वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत. आवाज देणारा माणूस कायद्याने कलाकार, त्याची संमती वेगळी. एवढं सगळं मान्य. तक्रार यानंतर जे झालं त्याची आहे.

खजिनदार बाईंचा आवाज आत्याचा आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. "हिशोब सादर केला आहे, वाचायचा की नाही ते सभेने ठरवावं," हे वाक्य ती ज्या थंडपणे म्हणते, त्यावर अर्धी फिल्म उभी आहे. रेकॉर्डिंग तिच्याच स्वयंपाकघरात, गॅस बंद करून. श्रेयनामावलीत आम्ही तिचं नाव 'आत्या' एवढंच टाकलं होतं. पहिली शंका तिथेच आली: या व्यक्तीचं कायदेशीर नाव काय? दिलं. तर आधारवर पूर्ण नाव आणि पॅनवर आद्याक्षरं, म्हणून दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र हवं. तेही केलं. नोटरीने प्रतिज्ञापत्र वाचलं, "कार्टूनसाठी?" असं विचारलं आणि शिक्का मारला.

मग संमतिपत्र. इंग्रजीत साडेचार पानं. आत्याने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, तिसऱ्या पानावरची स्पेलिंगची चूक पेन्सिलने गोल केली आणि प्रत्येक पानावर खाली आपली नेहमीची वळणदार मराठी सही केली. आठवड्याभराने तो मेल आला. सही मराठीत, म्हणजे सही करणाऱ्याला इंग्रजी येत नाही असं गृहीत. तेव्हा मजकूर तिला समजेल अशा भाषेत वाचून आणि समजावून सांगितल्याचं घोषणापत्र पाहिजे. समजावणारा नात्यातला चालणार नाही. त्याची सही इंग्रजीत पाहिजे, सोबत त्याचं आधार.

मी फोन केला. पलीकडचा मुलगा मराठीच होता, नम्रही होता. म्हटलं, "अहो, त्या इंग्रजी शिकवायच्या." तो म्हणाला, "सर, मला पटतंय, पण सिस्टीममध्ये सहीच्या रकान्यात व्हर्नाक्युलर, म्हणजे प्रादेशिक भाषा, टिक केलंय, आता अ‍ॅटॅचमेंटशिवाय पुढे जात नाही." म्हटलं, टिक काढा. टिक लीगलवाले काढतात. लीगलवाले कुठे बसतात? ते मेलवरच असतात. मेलला उत्तर आलं ते पहिल्याच मेलची प्रत. आत्याने इंग्रजीत सही करून द्यावी असाही एक उपाय पुढे आला, पण पॅनवरची सही मराठी, ती जुळणार नाही, म्हणजे पुन्हा प्रतिज्ञापत्र. आणि आत्या मुळात तयारच नव्हती. "या सहीवर पोरं दाखले घेऊन हायस्कूलला गेली रे. तुझ्या कार्टूनला चालत नाही होय?"

बरेच दिवस यात गेले. दर वेळी वेगळा माणूस फोन उचलायचा आणि पहिल्यापासून सांगावं लागायचं, त्यात "तुमची फिल्म पाहिली सर, मिशी भारी आहे" हे प्रत्येक जण म्हणायचा. माझं डोकं फिरायचं ते नेमकं त्या वाक्याला.

शेवटी समजावणारा मिळाला तो आत्याच्याच गल्लीतला, तिचा जुना विद्यार्थी. आता बँकेत अधिकारी आहे, सही झकास इंग्रजी. ज्या बाईंनी त्याला ए-बी-सी-डी गिरवायला लावली, त्यांना साडेचार पानांचं इंग्रजी आपण समजावून सांगितलं असं त्याने लिहून द्यायचं. तो संध्याकाळी आला, खुर्ची दिली तरी बसेना. कागद वाचला, कानामागे खाजवलं आणि म्हणाला, "बाई, हे मी कसं लिहू?" आत्या म्हणाली, "लिही, आणि त्या तिसऱ्या पानावर मी गोल केलाय तो शब्द सुधार आधी." त्याने सही केली. कंपनीने ते घोषणापत्र बिनतक्रार स्वीकारलं. स्पेलिंग मात्र अजून तसंच आहे, कारण छापील मजकुरात फेरफार चालत नाही.

सेक्रेटरीचा आवाज देणारा मित्र आता जर्मनीत असतो. त्याची स्कॅन केलेली सही चालेना, शाईचीच पाहिजे. तो गणपतीला आला तेव्हा ते काम झालं. वॉचमन आणि चेअरमन दोघांना माझाच आवाज आहे, तिथे प्रश्न आला नाही. अमेरिकेतल्याच माइक जजने १९९२ मध्ये पहिली फिल्म केली तेव्हापासून बीव्हिस आणि बटहेड या आपल्या दोन्ही कार्टून पोरांचे आवाज स्वतःच काढले. मला पूर्वी वाटायचं, माणसं मिळाली नसतील बिचाऱ्याला. आता वाटतं, पठ्ठ्याने किती कागद वाचवले!

आणखी एक अडकलं होतं, मधेच आठवलं. आत्याच्या एका वाक्यामागे खिडकीतून घंटागाडीचं गाणं ऐकू येत होतं. आम्हाला ते फार आवडलेलं, सभेत कचऱ्याची गाडी येते असं वाटायचं. पण गाणं म्हटल्यावर गीत, चाल, रेकॉर्डिंग असे तीन मालक. ते वाक्य पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं. कुकरच्या शिट्टीला कुणी हरकत घेतली नाही, तेव्हा शिट्ट्या हव्या तितक्या ठेवा.

आता करार. सहीआधी हा भाग मात्र नीट वाचा, इथे मी हट्ट केला आणि त्याचा मला आनंद आहे. त्यांच्या मसुद्यात सगळी पात्रं, सगळ्या माध्यमांत, जगभर, कायमची, असं होतं. इथे मला 'सिम्पसन्स'वाला ग्रेनिंग आठवला. त्याचं 'लाइफ इन हेल' हे व्यंगचित्रांचं सदर आधीपासून छापून येत होतं, आणि टीव्हीवाल्यांचं बोलावणं होतं ते त्यावरच कार्टून करायला. बाहेर थांबलेला असताना त्याच्या लक्षात आलं की आत जाऊन हो म्हटलं तर त्या पात्रांचे हक्क हातचे जातील. म्हणून त्याने तिथल्या तिथे नवीन कुटुंब काढलं, घरच्यांची नावं पात्रांना दिली, आणि ते आत नेलं. मी त्यांना कळवलं की ही एक फिल्म ५ वर्षांसाठी घ्या, पुढच्या भागांचा करार वेगळा, पात्रं माझी. वाटलं होतं, व्यवहार मोडणार. दोन ओळींत होकार आला. म्हणजे बघा, पात्रांची मालकी सोडायला त्यांना दोन ओळी पुरल्या.

काही सुटं सुटं राहिलं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या स्टॅम्पच्या जागी ५०० चा झालाय, तेव्हा प्रत्येक आवाजाला वेगळा कागद करण्याआधी बजेट बघा. वकिलाला विचारून एकाच करारात सगळ्यांना घेता येतं का ते पाहा. शूटिंग करताना मोबाइलचा एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर प्रत्येक फोटोत उजेड वेगळा येतो आणि फिल्म ट्यूबलाइटसारखी लुकलुकते. पंखा बंद ठेवा, हे सांगायला नको. कापलेल्या सगळ्या पात्रांचे तारखेसह फोटो काढून ठेवा, मालकीचा प्रश्न आला तर तेच दाखवता येतात. आणि श्रेयनामावलीत पॅनवर आहे तसंच नाव टाका.

दुसऱ्या भागाची संमतिपत्रं मी रेकॉर्डिंगच्या दिवशीच घेतली. मसुदा माझा, मराठीत, एका पानाचा. आत्याने तो वाचला, मानधनाच्या रकान्यात मी लिहिलेला १ रुपया खोडला आणि तिथे ५०१ केलं. कंपनीला पाठवलाय. इंग्रजी भाषांतर जोडा, असं कालच कळवलंय त्यांनी. जोडणार आहे, पण आत्याच्या सहीखाली घोषणापत्र या वेळी देणार नाही.