तुम्ही विचारलंत म्हणून: ही कमॅरो खरी की सजवलेली?

मिशिगनमध्ये राहतो आणि जुन्या गाड्यांच्या माणसांत ऊठबस आहे, एवढ्यावर उन्हाळा आला की मला फोटो येऊ लागतात. न्यू जर्सीतून, टेक्सासमधून, आपल्याच मंडळींकडून. १९६९ची शेवरले कमॅरो, बॉनेटवर दोन रुंद पट्टे, 'झेड/२८' हा बिल्ला आणि खाली प्रश्न: "खरी आहे का? किती द्यावेत?"

फोटोवरून मी सांगू शकत नाही, आणि दुसरा कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बिल्ला, पट्टे, चाकं आज नवीकोरी मिळतात; या कमॅरोची अख्खी बॉडीसुद्धा नवी करून विकली जाते. शिवाय झेड/२८ हे वेगळं मॉडेल नव्हतंच. साध्या कमॅरोवर घेतलेलं ते एक पॅकेज होतं. त्यामुळे काचेतून दिसणारा व्हीआयएन, म्हणजे आपला चेसिस नंबर, इंजिनाबद्दल एवढंच सांगतो की ते व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, होतं. पुढचं सगळं आपण शोधायचं.

आधी सोप्या गोष्टी बघा. हे पॅकेज रेसिंगसाठी जन्मलं. ट्रान्स-ॲम या अमेरिकन शर्यतींत इंजिनाची मर्यादा पाच लिटर होती, म्हणून ३०२ घनइंचांचं इंजिन, कागदावर २९० अश्वशक्तीचं. सोबत चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि पुढे डिस्क ब्रेक सक्तीचे. एसी मिळतच नव्हता. ऑटोमॅटिक गिअर आणि कारखान्यातूनच बसवलेला एसी असलेली 'खरी झेड/२८' कोणी दाखवली, तर त्याला चहा पाजा आणि घरी या.

मग बघा फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची, छोटी पट्टी. ओहायोतल्या नॉरवुड कारखान्यात डिसेंबर १९६८पासून तिच्यावर एक जादा कोड ठोकत; एक्स ३३ किंवा एक्स ७७ असेल तर गाडी झेड/२८. पण हीच गाडी लॉस एंजेलिसलाही बनत होती आणि तिथे हा कोड वापरत नसत. म्हणजे कोड नाही म्हणून गाडी खोटी ठरत नाही. आणि कोड आहे म्हणून खरीही ठरत नाही, कारण पट्ट्याही नव्या करून मिळतात. मी आधी पट्टी ज्यांनी ठोकली ते रिव्हेट बदललेत का ते बघतो, पट्टी नंतर.

खरी मजा इंजिनावर आहे. प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडसमोर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य लोखंडी सांगाड्यावर, बोटभर सपाट जागा असते. तिथे 'व्ही०३१५डीझेड' अशा धाटणीचा शिक्का हवा: व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, मग महिना आणि दिवस, आणि डीझेड म्हणजे १९६९चं ३०२. ब्लॉकवर गाडीच्या व्हीआयएनचे शेवटचे आकडेही ठोकलेले असतात. ते जुळले की गाडी 'नंबर्स मॅचिंग' म्हणवते आणि भाव चढतो. भाव चढतो म्हणूनच लोक जुने आकडे घासून नवे ठोकतात.

ते पकडायचं कसं? आकडे वाचू नका, आकड्यांखालचं लोखंड बघा. कारखान्यात ब्लॉकचा हा पृष्ठभाग ब्रोच नावाच्या हत्याराने तासत, त्याच्या एका दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेघा राहतात. टॉर्च तिरकी धरली की दिसतात. जागा आरशासारखी गुळगुळीत असेल, तर इंजिन दुरुस्त करताना ब्लॉक पुन्हा तासला गेला असेल, किंवा कुणीतरी हात मारला असेल. दुरुस्तीत तासला असेल तर मूळ आकडेही सहसा गेलेले असतात. गुळगुळीत जागेवर ठसठशीत आकडे दिसले की मी पाकीट खिशात ठेवतो.

ब्लॉकवरची ओतकामाची तारीखही वाचा. 'सी १२ ९' म्हणजे १२ मार्च १९६९. गाडी फेब्रुवारीत जुळवलेली असेल तर हा ब्लॉक तिचा नाही. त्याशिवाय हीटरच्या मोटरमागे फायरवॉलवर व्हीआयएनचा लपलेला ठसा असतो. मालक हीटर खोलू देत नसेल, तर तेही उत्तरच आहे.

आता कागद. सातबारा न बघता आपण गुंठाभर जमीन घेत नाही, मग इथे का घाई करायची? पॉन्टिॲकचे मूळ बिलांचे तपशील पैसे भरून मिळतात, १९६७पासूनच्या फोर्डचे मार्टी रिपोर्ट या विकत मिळणाऱ्या अहवालातून. १९७०च्या प्लिमथ-डॉजमध्ये तर व्हीआयएनचं पाचवं अक्षरच इंजिन सांगतं. 'आर' म्हणजे ४२६ घनइंचांचं हेमी इंजिन. शेवरलेवाल्यांचं नशीब फुटकं. कॅनडात विकलेल्या गाडीची माहिती जीएम कॅनडाकडून मिळते, अमेरिकेत विकलेल्या तिच्या बहिणीची नाही. मग पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला बिल्ड शीट (गाडीत काय बसवायचं याची कारखान्यातली यादी), वॉरंटी पुस्तिकेतली प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची, गाडीचे तपशील कोरलेली धातूची पट्टी, जुनी बिलं, पहिल्या मालकाचे फोटो यांवर भिस्त. कागद चहाच्या पाण्याने पिवळा करता येतो हे लक्षात ठेवा.

किमतीचं काय? १९६७मध्ये झेड/२८ फक्त ६०२ बनल्या, १९६९मध्ये २०,३०२. दोघींना एक भाव लागणार नाही. १९७१ची हेमी इंजिनाची प्लिमथ 'कुडा कन्व्हर्टिबल २०१४मध्ये ३५ लाख डॉलरला गेली, पण तशा मोजक्याच बनल्या होत्या. तो आकडा ऐकवून कोणी कमॅरोचा भाव वाढवत असेल तर हसून सोडून द्या.

माझी आवड विचाराल, तर इंजिन बदललेली पण कागद असलेली, रंग उडालेली गाडी मी चकचकीत, कागद नसलेल्या 'नंबर्स मॅचिंग' गाडीपेक्षा वर ठेवतो. आणि फक्त रविवारी चालवायची असेल, तर साध्या कमॅरोवरून नीट बनवलेला क्लोन, म्हणजे झेड/२८ची नक्कल, जरूर घ्या. आवाज तोच काढता येतो, भर रस्त्यात उभी करायची भीती कमी. फक्त पैसे क्लोनचे द्या आणि विक्रीपत्रावर 'क्लोन' हा शब्द लिहून घ्या. विक्रेता तो लिहायला तयार नसेल, तर दुसरी गाडी बघा. ऑगस्टमध्ये आमच्या डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर, जुन्या गाड्यांच्या मेळ्यात, कमॅरोंची रांग लागलेली असते.