आमची वाटचाल: जुन्या बसची निवड इंजिनापासून

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कारखान्याची सुरुवात नव्या चेसिसवर बसबॉडी बांधण्याच्या कामाने झाली. पुढे बसबॉडीच्या बांधणीसाठी देशभर एकच संहिता लागू झाली आणि तिच्या चाचण्यांचा खर्च आमच्यासारख्या लहान कारखान्याला पेलेनासा झाला, तेव्हा आम्ही जुन्या बस घेऊन त्यांचे फिरते दवाखाने, रक्तसंकलन वाहने आणि फिरती ग्रंथालये करण्याकडे वळलो. या कामातील नफा-तोटा सुतारकामात किंवा रंगकामात ठरत नाही, तर बस विकत घेण्याच्या दिवशीच ठरतो. ग्राहक पहिल्या भेटीत कपाटे, बेसिन आणि एसीबद्दल बोलतो. आम्ही मात्र गाडी कोणत्या तालुक्यात फिरणार, रोज किती धावणार आणि वाटेत कोणता घाट आहे, हे आधी विचारतो.

पूर्वी एसटीच्या लिलावात निघालेल्या गाड्यांचा पर्याय असे. परंतु सरकारी मालकीच्या, परिवहन महामंडळांसह, १५ वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात येत असल्याने त्या गाड्या आता भंगारातच जातात. त्यामुळे शाळांच्या, कंपन्यांच्या कामगार वाहतुकीच्या आणि खासगी प्रवासी व्यावसायिकांच्या गाड्या आम्ही पाहतो. शाळेच्या बसचे रनिंग कमी असते म्हणून ती सर्वांना हवी असते, पण थोड्या अंतराच्या फेऱ्यांमुळे तिचे इंजिन अनेकदा पुरते तापतच नाही. लांब पल्ल्याच्या बसने घाटात कधी पाणी उकळवले आहे का, हे मालक सांगत नाही. तीन पाळ्यांमध्ये ठरावीक रस्त्यावर धावणारी आणि वेळेवर ऑइल बदललेली कंपनीची बस आम्हाला या दोन्हींपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

इंजिनांत आमची पहिली पसंती बराच काळ टाटाच्या ६९७ ला होती. नावातला ६ हा सिलिंडरचा आणि ९७ हा मिलिमीटरमधील बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतील व्यासाचा आकडा. क्षमता ५,६७५ सीसी. टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांच्या १९५४ ते १९६९ या काळातील सहकार्यातून आलेल्या घराण्यातले हे इंजिन तालुक्याच्या ठिकाणचा मेस्त्रीही उघडतो. जमशेदपूरच्या टाटा-कमिन्स कारखान्यातील ५.९ लिटरचे, १०२ मिलिमीटर बोअरचे इंजिन अधिक ताकदीचे आहे, मात्र त्याला सुटे लायनर (सिलिंडरमधली बदलता येणारी नळी) नसल्यामुळे सिलिंडर झिजले की ब्लॉकच बोअर करावा लागतो, आणि ते काम चांगल्या मशीन शॉपशिवाय करू नये. अशोक लेलँडच्या, जपानी हिनो कंपनीच्या तंत्रज्ञानावरील एच मालिकेतील सहा सिलिंडरच्या इंजिनाबद्दलही आमचे मत चांगले आहे. यांपैकी कोणते श्रेष्ठ, यावर आमच्या शेडमध्ये चहाबरोबर अजून वाद होतात. व्यवहारात मात्र नंदुरबार जिल्ह्यातील धडगावला जाणाऱ्या गाडीसाठी जवळच्या बाजारात ज्याचा पंप, नोझल आणि हेड गॅस्केट त्याच दिवशी मिळते, ते इंजिन आम्ही घेतो.

उत्सर्जनाच्या टप्प्यांनी हा हिशेब पुष्कळ बदलला. बीएस-४ हे धुराच्या मर्यादेचे मानक पुणे, सोलापूर यांसारख्या निवडक शहरांत २०१० मध्येच आले होते, देशभर ते १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ हे १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. बीएस-६ गाडीतील काजळी पकडणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी सायलेन्सरकडे जाणारा धूर पुरेसा वेळ गरम राहावा लागतो. सकाळी १५-२० किलोमीटर जाऊन दिवसभर शाळेच्या पटांगणात उभ्या राहणाऱ्या दवाखान्याच्या गाडीत तसे होत नाही आणि फिल्टर चोंदतो. म्हणूनच एसी आणि क्ष-किरण यंत्रासाठी मुख्य इंजिन चालू ठेवण्यास आम्ही ठाम नकार देतो आणि स्वतंत्र जनरेटर बसवतो. आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी ठेवून, तासन्‌तास चालवलेले जुने इंजिनही काजळी धरते आणि नोझल खराब करते, हा मुद्दा ग्राहकांना पटवणे सर्वांत अवघड जाते.

गिअरबॉक्सचा विचार आम्ही मागच्या एक्सलशिवाय करत नाही. टॉप गिअर थेट असेल (म्हणजे इंजिनाचे फेरे गिअरबॉक्समध्ये कमी-जास्त होत नसतील), मागच्या एक्सलमधील क्राउन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीचे गुणोत्तर ६.८३ असेल आणि टायर १०.००-२० असेल, तर २,५०० आरपीएमला बस ताशी साधारण ७० किलोमीटर धावते, गुणोत्तर ५.८६ असेल तर तोच वेग ८० च्या थोडा वर जातो. वेगनियंत्रकाची मर्यादा ८० असल्याने महामार्गावरच्या गाडीला दुसरे गुणोत्तर पुरते, तर तोरणमाळच्या चढावर पाण्याच्या टाक्या आणि यंत्रे घेऊन जाणाऱ्या गाडीला पहिलेच बरे. शहरातून निवृत्त झालेल्या, ऑटोमॅटिक गिअरच्या लो-फ्लोअर बस स्वस्तात मिळतात. सुमारे ४०० मिलिमीटर उंचीचे त्यांचे प्रवेशद्वार वृद्ध रुग्णांना सोयीचे असते, परंतु खडबडीत रस्त्यावर तळ घासतो आणि ऑटोमॅटिकचे काम जिल्ह्याच्या ठिकाणीही सहसा होत नाही. त्या आम्ही फक्त शहरी रक्तसंकलनासाठी घेतो.

तपासणीला जाताना विक्रेत्याने इंजिन आधी सुरू करून ठेवू नये, असे आम्ही कळवतो. तरीही ब्लॉकला हात लावल्यावर तो गरम लागला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. थंड इंजिन किती सेल्फवर उठते, पांढरा किंवा निळा धूर किती वेळ राहतो, ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर वाफारा जोराने येतो का आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात का, हे पाहिल्यानंतरच फेरी मारतो. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गिअर आपोआप निसटला किंवा दुसरा गिअर टाकताना दात वाजले, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागणार, असे धरून भाव लावतो. शेवटी गिअर ऑइलच्या ड्रेन प्लगवरील चुंबक पाहतो: बारीक राखाडी चिखल चालतो, पण पत्र्यासारखे तुकडे दिसले तर सौदा तिथेच थांबतो.

इंजिन बदललेले असल्यास त्याचा क्रमांक आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) चढलेला आहे का, याची खात्री टोकन देण्यापूर्वीच करतो, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार फेरबदलाची परवानगी मागताना आरटीओ तोच क्रमांक प्रथम पडताळते. दरपत्रक आम्ही त्यानंतरच देतो आणि त्यात इंजिन व गिअरबॉक्सच्या दुरुस्तीची रक्कम आतील सजावटीपासून वेगळी लिहितो.