शेवटच्या लाथेवर उभा असलेला संघ: सस्कॅचेवन रफरायडर्स

सस्कॅचेवन रफरायडर्स हा कॅनडातल्या सस्कॅचेवन प्रांताचा फुटबॉल संघ (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन धर्तीचा, चेंडू हातात घेऊन खेळायचा). त्यांनी ग्रे कप, म्हणजे कॅनडियन फुटबॉलचं अजिंक्यपद, पाच वेळा जिंकला आहे: १९६६, १९८९, २००७, २०१३ आणि २०२५. अंतिम सामन्यात पोहोचून हरले पंधरा वेळा. त्यातले पाच पराभव तर १९२८ ते १९३२ असे सलग. त्यामुळे या संघाबद्दल बोलताना पनवतीची भाषा फार लवकर येते. मला ती पटत नाही. यातले गाजलेले पराभव नीट पाहिले, तर नशिबापेक्षा कॅनडियन फुटबॉलचे नियम जास्त दिसतात.

आधी नावाचा घोळ. १९१० मध्ये रेजायना शहरात रेजायना रग्बी क्लब स्थापन झाला, १९२४ मध्ये त्याचा रेजायना रफरायडर्स झाला आणि १९४० च्या दशकात प्रांताचं नाव लागलं. रफरायडर म्हणजे रानटी घोडे माणसाळवणारा. तिकडे ओटावाचा संघही रफ रायडर्सच. एक नाव जोडून, दुसरं तोडून, एवढाच फरक. १९९६ मध्ये ओटावाचा संघ बंद पडेपर्यंत जेमतेम आठ-नऊ संघांच्या लीगमध्ये हे दोघं सुखाने नांदले, यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. रंगाची गोष्ट त्याहून साधी. आधी लाल-काळा असलेला संघ १९४८ मध्ये हिरवा-पांढरा झाला, कारण शिकागोतल्या एका दुकानात त्या रंगाच्या जर्सी स्वस्तात मिळाल्या. आज अख्खा प्रांत ज्या हिरव्यावर जीव टाकतो, त्याचं मूळ हे असं सवलतीच्या मालात आहे.

सुरुवातीच्या काळाबद्दल दोनच गोष्टी. १९२३ चा अंतिम सामना पूर्वेकडच्या क्वीन्स विद्यापीठाने रेजायनाविरुद्ध ५४-० असा जिंकला, यावरून तेव्हा पूर्व आणि पश्चिम कॅनडात किती अंतर होतं ते कळावं. आणि १९२९ मध्ये, फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकणं, नुकताच मान्य झाला होता तेव्हा, ग्रे कपच्या अंतिम सामन्यातला पहिला यशस्वी पास रेजायनाच्याच जॅक कॅम्पबेलने जेरी अर्स्किनकडे टाकला. सामना हरलेच.

९ डिसेंबर १९५६ ला व्हँकूव्हरमधला ऑल-स्टार सामना आटोपून परतणारे खेळाडू ज्या विमानात होते, ते ब्रिटिश कोलंबियातल्या माउंट स्लेसीवर आदळलं. ६२ जण गेले. त्यात मेल बेकेट, मारिओ डेमार्को, रे सिर्निक आणि गॉर्डन स्टर्ट्रिज हे चौघे रफरायडर्सचे होते. ४०, ५५, ५६ आणि ७३ हे क्रमांक त्यानंतर कोणाला दिले गेले नाहीत.

संघ पुन्हा उभा राहिला तो १९६३ मध्ये. त्या वर्षी ओटावाहून क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) रॉन लँकेस्टर आला आणि त्याच वर्षी रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) जॉर्ज रीडही. तिथे रस जॅक्सन हा दुसरा तगडा क्वार्टरबॅक असल्यामुळे ओटावाने लँकेस्टरला सोडलं. त्याच मोसमात कॅलगरीविरुद्धच्या दोन सामन्यांच्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) पहिला सामना ३५-९ असा गेला. दोन्ही सामन्यांचे गुण एकत्र धरायचे होते, म्हणजे २६ गुणांची पिछाडी. दुसरा सामना रेजायनाच्या टेलर फील्डवर ३९-१२ असा जिंकला. एकूण ४८-४७.

१९६६ च्या अंतिम सामन्यात समोर ओटावाच होता. लँकेस्टरचे तीन टचडाऊन पास (टचडाऊन म्हणजे चेंडू गोल-रेषेपलीकडे नेणं), रीडच्या १३३ यार्डांच्या धावा, आणि २९-१४ असा निकाल. स्थापनेनंतर ५६ वर्षांनी पहिला कप. रीड १९७५ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १६,११६ यार्ड होते.

आता शेवटच्या लाथांकडे. त्या कळायला नियम थोडे बघू. कॅनडियन खेळात एका बाजूला १२ खेळाडू असतात आणि १० यार्ड पुढे जायला अमेरिकेसारखे चार नव्हे, तीन डाऊन, म्हणजे प्रयत्न, मिळतात. तिसऱ्या डाऊनला बहुतेक वेळा चेंडू लाथ मारून द्यावाच लागतो, म्हणजे खरे प्रयत्न दोनच. त्यात प्रत्येक हाफच्या शेवटच्या तीन मिनिटांत दर खेळीनंतर घड्याळ थांबतं. २०२५ पर्यंतच्या नियमाने रेफरीची शिट्टी झाली की २० सेकंदांत पुढची खेळी सुरू करावी लागे. त्यामुळे आघाडीवरच्या संघाने कितीही वेळ काढायचा म्हटलं, तरी नवा फर्स्ट डाऊन, म्हणजे पुन्हा तीन प्रयत्न, न मिळाल्यास मिनिट-सव्वा मिनिटाच्या वर निघत नसे. आणि गोलपोस्ट अमेरिकेसारखे मागे नसून थेट गोल-रेषेवर, म्हणजे फील्ड गोलचं, लाथ मारून चेंडू गोलपोस्टमधून पार करण्याचं, अंतर कमी पडतं. (२०२७ पासून ते मागे नेण्याचं आणि ११० यार्डांचं मैदान १०० यार्डांचं करण्याचं लीगने जाहीर केलं आहे. माझ्या मते खेळाचा अर्धा मसाला त्याने जाईल.)

१९७२ मध्ये हॅमिल्टनच्या घरच्या मैदानावर १०-१० अशी बरोबरी असताना त्यांच्या १९ वर्षांच्या इयान संटरने शेवटच्या खेळीत ३४ यार्डांवरून गोल केला. १९७६ मध्ये रफरायडर्स २०-१६ ने पुढे होते, २० सेकंद उरले होते, आणि ओटावाच्या टॉम क्लेमेंट्सने टोनी गॅब्रिएलला २४ यार्डांचा टचडाऊन पास दिला. त्यानंतर १९७७ ते १९८७ अशी सलग ११ वर्षं प्लेऑफसुद्धा नाही.

१९८९ चा संघ कागदावर सुमार होता: ९ विजय, ९ पराभव, पश्चिम विभागात तिसरा. १६-२ अशा कामगिरीच्या एडमंटनला त्याच्याच मैदानावर हरवून तो टोरंटोच्या स्कायडोममध्ये पोहोचला. ४४ सेकंद उरले असताना हॅमिल्टनच्या टोनी चॅम्पियनने अंग उलटं वळवून टचडाऊन पकडला आणि ४०-४० झालं. रफरायडर्सच्या केंट ऑस्टिनने भराभर पास टाकत संघाला गोलच्या टप्प्यात आणलं. बॉब पोलीने चेंडू मागे दिला, ग्लेन सूटरने चेंडू टेकवला, डेव्ह रिजवेने ३५ यार्डांवरून लाथ मारली. ४३-४०, आणि घड्याळात दोन सेकंद.

इथे एक बारकावा सहसा सुटतो. गोल हुकला असता तरी चेंडू एंड झोनच्या, म्हणजे गोल-रेषेमागच्या पट्टीच्या, मागून बाहेर गेला असता, किंवा हॅमिल्टनला तो तिथून बाहेर काढता आला नसता, तर तेव्हाच्या नियमाने 'रूज' नावाचा एक गुण मिळून सामना जिंकताच आला असता. बरोबरीत असताना मारलेली लाथ म्हणूनच हल्ला करणाऱ्याच्या बाजूची असे. दोन गुणांनी मागे असताना मात्र रूज काही कामाचा नाही.

२००९ मध्ये कॅलगरीत मॉन्ट्रियॉल नेमकं त्याच अवस्थेत होतं. चौथ्या क्वार्टरमध्ये रफरायडर्स २७-११ ने पुढे होते. मॉन्ट्रियॉलने आधी टचडाऊन आणि दोन गुणांचं कन्व्हर्जन (टचडाऊननंतर मिळणारी जादा गुणांची संधी) करून २७-१९ केलं, मग आणखी एक टचडाऊन करून २७-२५. या वेळी कन्व्हर्जन फसलं. शेवटच्या खेळीत डेमन डुव्हालची ४३ यार्डांची लाथ बाहेर गेली. हिरवे खेळाडू मैदानात धावले, पण गवतावर पंचांचा झेंडा, म्हणजे नियमभंगाची खूण, पडलेला होता. अडवायला उभ्या असलेल्या रांगेत १२ च्या जागी १३ जण. दंड १० यार्डांचा, म्हणून तीच लाथ पुन्हा, ३३ यार्डांवरून. ही आत गेली. २८-२७.

असा घोळ होतो तो खेळाडू बदलताना. फील्ड गोल अडवायला वेगळी तुकडी येते, काही जण आत येतात, तितकेच बाहेर जायला हवेत, आणि हे सगळं काही सेकंदांच्या आत उरकायचं असतं. एकाने स्वतःला आतला समजलं की संपलं. मैदानावर डोकी मोजण्याचं काम ठरावीक माणसाकडे द्यावं लागतं, आणि आकडा जुळत नसेल तर टाइमआऊट घ्यावा लागतो.

इतकं होऊनही संघ टिकला, याचं कारण तो कोणा धनिकाचा नाही. क्लब लोकांच्या मालकीचा आहे. पैसे संपले तेव्हा १९८७ मध्ये टीव्हीवर टेलिथॉन, म्हणजे निधी जमवण्याचा लांबलचक कार्यक्रम, करून तिकिटं विकली. पुढे २५० डॉलरचे शेअर काढले, ज्यांवर लाभांश मिळत नाही. बारा लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या प्रांतात, २०१७ पासून, ३३ हजार आसनांचं मोझेक स्टेडियम आहे आणि त्यात कलिंगड पोखरून हेल्मेटसारखं घातलेली माणसं बसतात. गर आणि पांढरा भाग नीट खरवडला नाही, तर रस डोळ्यांत उतरतो. नोव्हेंबरात तो गोठतोही.

२००७ चा कप विनिपेगविरुद्ध २३-१९, प्रशिक्षक केंट ऑस्टिन, म्हणजे १९८९ चाच क्वार्टरबॅक. २०१३ चा घरच्या मैदानावर, हॅमिल्टनविरुद्ध ४५-२३. या सामन्यात शेवटच्या लाथेची गरजच पडली नाही, त्यामुळे यावर लिहिण्यासारखं तुलनेने कमी.

२०२५ मध्ये विनिपेग शहरात झालेल्या अंतिम सामन्यात पुन्हा मॉन्ट्रियॉल समोर आलं. शेवटच्या काही मिनिटांत ते गोल-रेषेच्या तोंडाशी होते, तिथे त्यांच्या हातातून चेंडू निसटला आणि हिरव्या जर्सीने तो दाबून धरला. २५-१७. झेंडा पडला नाही.