पन्नास दिवसांचा ईस्टर

बडोदा, रविवार, 31 मे 2020

आज पेंटेकॉस्ट, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, म्हणजे ईस्टरचा काळ आज संपला. बऱ्याच लोकांना वाटतं ईस्टर म्हणजे एक रविवार, अंडी आणि केक, झालं. पण आम्हा कॅथलिकांत चाळीस दिवसांचा उपवासकाळ आणि त्यानंतर पन्नास दिवस आनंदाचे, दुःखापेक्षा आनंद दहा दिवस जास्त, हे मला लहानपणापासून फार आवडतं. आणि यंदा हे अख्खे पन्नास दिवस, 12 एप्रिलपासून आजपर्यंत, कोरोनाच्या लॉकडाऊनमुळे चर्चला कुलूप असताना गेले. काल सरकारची ऑर्डर आली की 8 जूनपासून प्रार्थनास्थळं उघडता येतील, म्हणून आजच लिहून ठेवतेय, एकदा गडबड सुरू झाली की राहून जाईल.

आम्ही मूळचे वसईचे, बाबा रिफायनरीत लागले म्हणून बडोद्याला आलो आणि इथलेच झालो. घरात मराठी, चर्चमध्ये गुजराती. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळींत, आणंद-खेडा जिल्ह्यांकडची गुजराती कुटुंबं आहेत, केरळची आहेत, तमिळ, गोव्याची, शिवाय दाहोद-छोटाउदेपूरकडून कामाला आलेली आदिवासी कुटुंबं, सगळे एका बाकावर. आईला गुजराती मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) पूर्ण पाठ आहे पण लोकांनी म्हणायची उत्तरं ती हळूच मराठीतच देते, शेजारी बसलं की ऐकू येतं.

पवित्र आठवडा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, सुरू झाला तेव्हा खरं सांगायचं तर मन लागत नव्हतं. झावळ्यांच्या रविवारी झावळी नाही. नागरवाड्याकडचा भाग सील झालेला, रोज आकडे वाढताहेत, बातम्या लावाव्यात की नको असं झालेलं. व्हॅटिकनची सूचना आली होती की आज्ञा गुरुवारी पाय धुण्याचा विधी करायचा नाही, ईस्टरच्या रात्री चर्चबाहेर अग्नी पेटवतात तोही नाही, मिरवणूक नाही, फक्त पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती लावायची. वाचताना वाटलं मग उरलं काय? पोप फ्रान्सिस 27 मार्चला पावसात व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात एकटे चालत गेले ते बघून मी रडले होते, आणि तो रिकामा चौक डोक्यातून जातच नव्हता.

ईस्टरच्या रात्री, म्हणजे आदल्या शनिवारी रात्री, आमच्या फादरांची मिस्सा फोनवर लाइव्ह. मुलानं फोन टीव्हीला जोडून दिला. सुरुवातीला आम्ही सगळे सोफ्यावर, मिस्टर मध्येच पाणी प्यायला उठले, मुलगा मेसेज बघतोय, खाली सारखे हात जोडल्याचे इमोजी येताहेत, आम्ही बघत होतो, कोणीतरी करतंय आणि आपण बघतोय, मॅच बघतात तसं. मग बाप्तिस्म्याच्या वचनांचा भाग आला. फादर रिकाम्या बाकांकडे बघून विचारतात, सैतानाला नाकारता का? आणि आई उठून उभी राहिली. गुडघे दुखतात तिचे, हाताला धरल्याशिवाय उठत नाही एरवी. उभी राहिली आणि मोठ्यानं मराठीत म्हणाली, "होय, नाकारते." चर्चमध्ये तिचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. पुढचा प्रश्न, देवपित्यावर श्रद्धा आहे का? "होय, आहे." तोपर्यंत आम्हीही उभे होतो आणि मुलगा पण बोलत होता, त्याचा आवाज आता फुटलाय, तो बोलला की घर भरतं.

मग आईनं कपाटातून बाटली काढली, खोकल्याच्या औषधाची जुनी काचेची बाटली, गेल्या वर्षी ईस्टरच्या रात्री आशीर्वाद दिलेलं पाणी तिनं त्यात भरून आणलं होतं, तळाला बोटभर उरलेलं. झाकण घट्ट बसलेलं ते मिस्टरांनी फिरवलं. तिनं तळहातावर थोडं घेऊन आमच्या तिघांवर शिंपडलं, मग बाबांच्या फोटोवर, मग स्वयंपाकघराच्या दारावर. कोणी सांगितलं नव्हतं, पुस्तकात काढून बघितलंही नाही. माझा ईस्टर तिथे सुरू झाला. स्क्रीनवर जे चाललं होतं ते खरंच होतं, पण आनंद आला तो आम्ही तोंड उघडलं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी यीस्ट कुठेच नाही म्हणून फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) झाले नाहीत, आईनं तांदळाचे पोळे केले आणि अंड्याचं कालवण. तिनं वही काढली आणि चर्चमधल्या एकेका बाईला फोन लावत बसली, गुजरातीत, मोडक्या हिंदीत, आणि प्रत्येकीला आधी आलेलुया (देवाची स्तुती करा), मग तब्येत. उपवासकाळात हा शब्द म्हणत नाहीत ना, त्यामुळे तो साठून राहिल्यासारखा होता.

त्यानंतर फोनवर मिस्सा लागली की आम्ही उभं राहायचं तेव्हा उभे राहिलो आणि उत्तरं मोठ्यानं दिली, असा नियमच झाला घरात. 26 एप्रिलला शुभवर्तमानातला एम्माउस गावच्या वाटेवरचा उतारा होता. ते दोघे शिष्य रस्ताभर प्रभूबरोबर चालतात आणि ओळखत नाहीत, ओळखतात कुठे, तर घरात, जेवायला बसल्यावर, भाकर मोडताना. कितीदा ऐकलंय हे, पण आपल्याच जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकताना अंगावर काटा आला.

मे महिन्यात धर्मग्रामातले एक आजोबा गेले, वयानं, कोविड नव्हता. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी. आम्ही बाकीचे त्याच वेळी फोनवर कॉन्फरन्स लावून जपमाळ म्हणत होतो, आवाज मागेपुढे होत होते, कोणाचं गुजराती कोणाचं मल्याळी, कोणी थांबलं नाही. पुनरुत्थानावर विश्वास आहे असं आपण दर रविवारी म्हणतो, त्या दिवशी ते म्हणणं जड होतं आणि तरी सगळ्यांनी म्हटलं.

हल्ली काही मेसेज फिरताहेत की घरूनच मिस्सा किती सोयीची, वेळ वाचतो वगैरे. मला हे अजिबात पटत नाही. ख्रिस्तप्रसाद, मिस्सेत मिळणारी ती पवित्र भाकर, फोनमधून येत नाही. अंतःकरणातून प्रभूला बोलावण्याची प्रार्थना आम्ही दर वेळी केली, मनापासून केली, पण ती भूक आहेच आणि ती असायला हवी. मला आनंद मिळाला म्हणून चर्चची गरज संपली असं नाही, उलट त्या रात्री आई उभी राहू शकली ती चर्चनं तिला लहानपणापासून उभं राहायला शिकवलं म्हणून.

आता प्रश्न 8 जूनचा. 65 च्या वरच्यांनी घरीच राहावं असं त्या ऑर्डरमध्ये आहे, म्हणजे आईचं जाणं नाहीच. ती म्हणते, "तू जा, माझी काळजी करू नको, ख्रिस्तप्रसाद घे." मी ठरवलंय, आठवड्यातल्या एखाद्या सकाळच्या मिस्सेला जायचं, लांब बसायचं, आणि रविवारी सकाळी इथेच आईशेजारी, उत्तरं मोठ्यानं देत. फादरांना फोन करून विचारणार आहे की आजारी माणसांकडे ख्रिस्तप्रसाद न्यायला कधी सुरू करताय, आणि आईचं नाव यादीत पहिलं घालायला सांगणार आहे.