फोन आधी कोण करणार?

नाशिकच्या अंबडला आमचं प्रेस शॉप आहे. गाड्यांना लागणारे ब्रॅकेट, क्लॅम्प, असे पत्र्याचे पार्ट. टूलरूम भाऊजी बघतात, कंपन्यांच्या मीटिंगा आणि रेटची घासाघीस ह्यांच्याकडे. हिशेब, जीएसटी, बँक, पगार आणि 'वहिनी, प्रिंटर चालत नाहीये' हे माझ्याकडे. शेवटचं खातं मी मागून घेतलेलं नाही. सर्व्हर ज्याच्या टेबलाजवळ ठेवलाय त्याच्या गळ्यात ते आपोआप पडतं.

हल्ली ओळखीतले बरेच जण एकच विचारतात. कॉम्प्युटरचं काम बाहेर द्यायचंय, तर आउटसोर्स करावं की मॅनेज्ड सर्व्हिसेस घ्याव्यात? दोन्हींची कोटेशनं समोर ठेवली तर पहिल्या पानावर काहीच फरक दिसत नाही. दोन्हींत हात मिळवणारी माणसं, दोन्हींत 'चोवीस तास सपोर्ट'. फरक आतल्या पानांवर असतो. आम्ही ती पानं वाचण्यात बरेच दिवस घालवले, म्हणून हे लिहितेय.

आधी हे सांगते की बावीस कॉम्प्युटरच्या कारखान्याला एवढा विचार का करावा लागतो. पूर्वी लाइट गेली तरी चलान बुकातून हाताने चलान फाडून गाडी सोडता यायची. आता पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे; आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलवरून मिळणारा बिलाचा नंबर, नसलेलं बिल बिल म्हणून धरतच नाहीत. राज्याबाहेर जाणारा माल पन्नास हजारांच्या वरचा, किंवा राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वरचा असेल तर ई-वे बिल. त्याच्या पोर्टलवर आता ओटीपीशिवाय आत शिरता येत नाही, आणि तो ओटीपी ज्याच्या मोबाइलवर येतो तो नेमका जेवायला गेलेला असतो. त्यात मोठ्या कंपनीचं व्हेंडर पोर्टल वेगळं. तिथे आगाऊ नोंद केल्याशिवाय गाडी गेटच्या आत घेत नाहीत. प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळे एप्रिल २०२३ पासून टॅलीत एडिट लॉग, म्हणजे कुठली नोंद कधी, काय बदलली याची यादी, चालू ठेवावा लागतो. म्हणजे टॅलीचा डेटा हरवला तर नुसता हिशेब हरवत नाही, ऑडिटरसमोर उभं राहायची सोयही जाते.

तर आमची जुनी व्यवस्था अशी होती: एक कॉम्प्युटरवाला दादा, वर्षाचा एएमसी म्हणजे देखभालीचा करार, पार्टचे पैसे वेगळे. माणूस सरळ. फोन केला की यायचा, करायचा, बिल द्यायचा. तेही आउटसोर्सिंगच, छोट्या मापाचं. मोठ्या मापात हेच काम एखादी एजन्सी घेते. तिचा इंजिनिअर तुमच्याकडे बसतो, तक्रार नोंदवायला नंबर मिळतो, दांडी मारली तर बदली माणूस येतो. १९८९ साली कोडॅकने आपलं डेटा सेंटर आयबीएमच्या हाती दिलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. आज अंबडमध्ये गाळ्यागाळ्याला कुणी ना कुणी असं काम दिलेलं आहे, आणि त्याची बातमी होत नाही.

आमच्याकडे आलेलं पहिलं कोटेशन याच प्रकारचं. सकाळी साडेनऊ ते सहा एक माणूस, महिन्याचा ठरलेला आकडा, वर १८ टक्के जीएसटी, आणि खाली एक ओळ: 'याव्यतिरिक्तचे काम स्वतंत्र आकारणीने'. दुसरं मॅनेज्ड सर्व्हिसेसचं, त्यात माणूस नव्हताच. प्रत्येक कॉम्प्युटरमागे महिन्याला इतके, सर्व्हरचे इतके, फायरवॉलचे इतके. प्रत्येक मशीनवर ते एक छोटं सॉफ्टवेअर टाकणार. हार्ड डिस्क भरत आली, बॅकअप फसला, अपडेट अडकलं, अँटिव्हायरस बंद पडला, की त्यांच्या ऑफिसात कळणार.

भाऊजींना हे पटवायला मला दोन वाक्यं पुरली. डाय तुटली की टूलमेकरला बोलावणं एक, आणि ठरावीक स्ट्रोक झाले की डाय आपणहून ग्राइंडिंगला काढणं वेगळं. ते म्हणाले, "मग दुसऱ्यालाच द्या की. विचारताय कशाला?"

विचारत अशासाठी होते की पैशाची गणितं उलटसुलट आहेत. फोनमागे पैसे घेणाऱ्याला काहीतरी बिघडलं की कमाई होते. तो मुद्दाम बिघडवतो असं नाही, पण बिघडू नये म्हणून त्याने रात्री जागावं असं त्याला काही कारण नसतं. ठरलेल्या रकमेत सगळं सांभाळणाऱ्याला बिघाड म्हणजे खर्च, म्हणून तो आधीच लक्ष घालतो. इथपर्यंत सगळे सेल्सवाले सांगतात. ते सांगत नाहीत ते असं, की ठरलेल्या रकमेत काहीही न करणं हे त्याच्यासाठी सगळ्यांत फायद्याचं असतं, आणि ते तुम्हाला दिसत नाही. कॉम्प्युटरवाला दादा आला नाही तर ते दिसतं. बॅकअप तपासला गेला नाही हे डेटा जाईपर्यंत कुणाला दिसत नाही.

म्हणून मी सही करण्याआधी एक अट घातली: बॅकअप माझ्यासमोर परत उघडून दाखवायचा. त्यांनी महिनाभर चाचणी म्हणून सर्व्हर सांभाळला होता, तेव्हा मागणी रास्तच होती. इंजिनिअर आला. तरुण मुलगा, बोलायला नम्र. त्याने फोल्डर उघडलं, रोजच्या तारखांच्या फायली दाखवल्या. "बघा मॅडम, रोज होतोय."

म्हटलं, "फाइल नको दाखवू. कंपनी उघड."

जुना लॅपटॉप दिला, सर्व्हरशी न जोडलेला. त्यावर त्याने बॅकअप ओढला, टॅलीत रिस्टोर केला. यात बराच वेळ गेला, आणि तो वेळ मी कागदावर लिहून ठेवला, कारण खरोखर सर्व्हर गेला तर गाडी तेवढाच वेळ उभी राहणार. कंपनी उघडली. पत्रा पुरवणाऱ्या आमच्या एका पार्टीचं लेजर काढायला सांगितलं, बाकी जुळली. मग आदल्या संध्याकाळची बिलं काढायला सांगितली. निम्मीच होती. बॅकअप रात्री आठला चालायचा, आणि आमची दुसरी शिफ्ट माल भरते साडेआठ-नऊनंतर. म्हणजे सर्व्हर रात्री गेला असता तर त्या रात्रीची सगळी बिलं पुन्हा बसून टाकायची. तीही अशी बिलं, ज्यांचे आयआरएन सरकारकडे आधीच नोंदलेले आहेत. त्या मुलाची यात चूक नव्हती, त्याला आमची शिफ्ट कुणी सांगितलीच नव्हती. आता बॅकअप दिवसातून अनेकदा होतो. शेवटचा दुसरी शिफ्ट सुटल्यावर, आणि एक प्रत कारखान्याच्या बाहेर जाते.

करारातली दुसरी गंमत टक्क्यांची. '९९.५ टक्के अपटाइम' असं ठळक अक्षरात होतं. कॅल्क्युलेटर घेतला. तीस दिवसांच्या महिन्याचे ७२० तास, त्यातला अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. दर महिन्याला एकदा, नेमक्या डिस्पॅचच्या वेळी, सर्व्हर साडेतीन तास बंद पडला तरी त्यांनी शब्द पाळला असंच होणार. रविवारची रात्रसुद्धा त्यांच्या बेरजेत आमच्या बाजूने मोजलेली. मी म्हटलं, मोजायचं तर कारखाना चालू असतानाच्या तासांवर मोजा. आणि 'तीस मिनिटांत प्रतिसाद' म्हणजे तुमची तक्रार मिळाली असा मेल येणार, की काम सुरू होणार, तेही लिहा. त्यांनी कुरकुरत लिहून दिलं. पहिल्या एजन्सीच्या कागदात असलं काही मागायला जागाच नव्हती. तिथे माणूस हजर आहे की नाही एवढंच मोजतात.

तरीही सगळं मॅनेज्डवाल्यांना दिलेलं नाही, आणि ते शक्यही नव्हतं. टूलरूममध्ये वायरकटला, म्हणजे तारेने धातू कापणाऱ्या मशीनला, जोडलेला कॉम्प्युटर इतका जुना आहे की त्याला हात लावायला त्यांनी सरळ नकार दिला. त्यांचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही, आणि मशीन बनवणाऱ्याचा प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालत नाही. तो कॉम्प्युटर नेटवर्कपासून तोडून ठेवलाय. प्रोग्रॅम पेन ड्राइव्हने जातो, आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या कुठेही लावायचा नाही असं भाऊजींनी तिथल्या पोरांना बजावलंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा ऑफिसातले काही कॉम्प्युटर ११ वर जाईनात, त्यांत ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नव्हती. ते बदलण्याचा खर्च महिन्याच्या रकमेत येतो का? नाही. हार्डवेअर आपलंच. हे आधी विचारून घ्यावं, नंतर विचारलं की सगळे आभाळाकडे बघतात.

कॉम्प्युटरवाल्या दादालाही सोडलेलं नाही. प्रिंटर, बारकोडचं यंत्र, सीसीटीव्ही, शॉपफ्लोअरवर उंदराने कुरतडलेली केबल, याला पुण्याहून लांबून बघणारा इंजिनिअर काय करणार? दादा पाथर्डी फाट्यावरून दहा मिनिटांत येतो. ईआरपीत, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार नोंदणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एखादा नवा रिपोर्ट हवा असेल तर प्रोग्रॅमरला कामापुरते पैसे. अशा कामाला सुरुवात असते आणि शेवट असतो, ते बाहेर देऊन मोकळं व्हावं. ज्याला शेवटच नाही, रोजच बघावं लागतं, त्याला महिन्याचा माणूस हवा.

या व्यवस्थेत काय बदललं ते मला खोदकामाने दाखवलं. सिंहस्थ जवळ आल्यापासून शहरात जिकडेतिकडे रस्ते उकरलेले आहेत, आणि जेसीबीला फायबर कुठून गेलीय याचं सोयरसुतक नसतं. एका सकाळी मी गाडीतच होते, गरवारे पॉइंटच्या सिग्नलला, आणि मॅनेज्डवाल्यांचा फोन आला. "मॅडम, तुमची लाइन गेलीय. दुसऱ्यावर टाकलंय. चालू आहे." ऑफिसात कुणाला काही कळलंही नव्हतं. पण ही दुसरी लाइन मोबाइल नेटवर्कवरची आहे, हे त्यांच्यामुळे नव्हे. आम्ही आधी वेगळ्या कंपनीची दुसरी फायबर घेणार होतो. रस्त्यावर जाऊन बघितलं तर दोन्ही एकाच चरातून येणार होत्या. जेसीबीचा एक दात आणि दोन्ही साफ.

पिंपळगाव बसवंतला आमच्या नात्यात द्राक्षांचं पॅकहाउस आहे. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी त्यांना नेमकं उलट सांगितलं. त्यांचा सगळा जीव जानेवारी ते एप्रिलमध्ये. तेव्हा रात्रभर पॅकिंग, लेबल छापणं, अपेडाच्या ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या पोर्टलवर नोंदी, मालाला कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट. त्यातलं एक अडकलं तर कंटेनर जागेवर. बाकीचे महिने हॉलमध्ये रिकामे क्रेट आणि झाकून ठेवलेले कॉम्प्युटर. झाकलेल्या कॉम्प्युटरचे दर महिन्याला पैसे का भरायचे? त्यांनी हंगामापुरता एक माणूस रात्रपाळीला बसवला आणि बॅकअप तेवढा वर्षभराचा घेतला. मला तरी ते बरोबर वाटतं.

कुणालाही द्या, किल्ल्या आपल्याकडे ठेवा. डोमेन आपल्या कंपनीच्या नावावर आहे का ते बघा. पुष्कळांचं ते वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर असतं आणि भांडण झाल्यावर कळतं. मेलचा मुख्य ॲडमिन, फायरवॉलचा पासवर्ड, बॅकअपची किल्ली बंद पाकिटात आमच्या कपाटात आहे, आणि पासवर्ड बदलला की पाकीटही बदलतं. अजून एक, जे दोन्ही कोटेशनवाल्यांना मी विचारलं आणि एकालाच सांगता आलं: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. हे बंधन कंपनी म्हणून आपल्यावरही आहे, काम कुणाकडेही असो. मग रात्री दोनला सर्व्हरवरच्या फायली कुलूपबंद झाल्या तर कळवणार कोण, त्यांचा इंजिनिअर की मी? आमच्या करारात आता दोन नावं आहेत, एक त्यांचं, एक आमचं.

आमच्या बाजूचं नाव डिस्पॅचच्या मुलाचं आहे. बी.कॉम. झालेला, कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण नाही, पण कुठली गाडी कधी निघते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही. महिन्याचा रिपोर्ट तो वाचतो, लाल रंगातल्या ओळींवर गोल करतो आणि माझ्या टेबलावर आणून ठेवतो. त्याचा पगार थोडा वाढवला. एजन्सीच्या बसत्या इंजिनिअरपेक्षा ते बरंच स्वस्त पडलं.

करार मार्चअखेर नव्याने करायचाय. दोन गोष्टी बदलून मागितल्यात. सोडून जायची वेळ आली तर साठ दिवस त्यांनी नव्या माणसाला सगळं समजावून द्यायचं, फुकट. आणि बॅकअप उघडून दाखवायची ती चाचणी दर तिमाहीला, आम्ही सांगू त्या दिवशी. दुसरं त्यांनी मान्य केलंय. पहिल्यातल्या 'फुकट'वर अजून घासाघीस चालू आहे, आणि ती ह्यांच्याकडे सोपवलीय.